‘येर’ आणि पाणी : भंडाऱ्यातील शाळेची भाषा

१८५३ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला, आणि या हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताच्या भाषासीमेवरील भंडारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेची भाषा प्रामुख्याने मराठी राहिली. मात्र तुमसर-गोंदियाकडील पोवारांची पोवारी हिंदीच्या जवळची होती, तर देवरी-सालेकसा या तेव्हा याच जिल्ह्यात मोडणाऱ्या जंगलपट्ट्यातील गोंडांची भाषा द्राविडी कुळातली, म्हणजे मराठीशी कुळाचे नाते नसलेली होती. गोंडीत पाण्याला ‘येर’ म्हणतात आणि जुन्या मराठीत ‘येर’ म्हणजे ‘इतर’. हा योगायोग असला तरी बोलका आहे, कारण ज्याची भाषा ‘इतर’ ठरते त्या मुलाला अक्षर आणि त्याचा अर्थ ही दोन्ही ओझी एकदमच उचलावी लागतात.

याच भागातील झाडीबोली बोलणाऱ्या मुलाची अडचण अधिक सूक्ष्म, कारण ती मराठीचीच बोली असल्याने तिच्याकडे वेगळी भाषा म्हणून कोणी पाहिलेच नाही. तिच्यात ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो, त्यामुळे ‘डोळा’ वाचताना ‘डोरा’ म्हणणाऱ्या मुलाला शब्द कळलेला असूनही त्याचे वाचन चुकीचे ठरू शकते.

१९५३ मध्ये युनेस्कोने आरंभीचे शिक्षण मातृभाषेतून देण्याची शिफारस केली, आणि १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ अन्वये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी तशी सोय करण्यास राज्यांना सांगितले. त्याच वर्षी भंडारा मुंबई राज्यात गेला. प्रांताचे हिंदी-मराठी दुभाषीपण मागे पडले, वर्गातले राहिले.