देवी, लस आणि आईबाप

मराठी भाषेनें एका भयंकर रोगाला देवतेचें नांव दिलें आहे. मुलाला 'देवी आल्या' असें म्हणत. रोग झाला असें कोणी म्हणत नसे. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधावयाचा, घरांत फोडणी बंद ठेवावयाची, शीतलादेवीला दहींभाताचा नैवेद्य दाखवावयाचा आणि वाट पाहावयाची. मूल वांचलें तर तोंडावर वण राहत, कधीं डोळा जाई. न वांचलें तर देवीनें नेलें, एवढेंच समाधान. ज्यांच्या हातीं दुसरा उपायच नव्हता अशा आईबापांना हिणवणें सोपें आहे. पण तें न्यायाचें नाहीं.

उपाय आला तोही लेंकरांच्या अंगावरूनच आला. १७९६ सालीं इंग्लंडांत एडवर्ड जेन्नर यांनीं गाईच्या देवीची लस एका आठ वर्षांच्या मुलाला टोचली. परंतु लांबच्या प्रवासांत उष्म्यानें ही लस निकामी होई. अखेर एकाच्या दंडावरील फोडांतून दुसऱ्याच्या दंडावर, अशा जिवंत साखळीनें ती बगदाद व बसरा या मार्गें मुंबईकडे आली. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचणी यशस्वी झाली, आणि तिच्या दंडावरून ती पुढें पुणें, सुरत, मद्रास इकडे गेली.

पुढें कित्येक वर्षें हीच रीत चालली. टोचलेलें मूल आठवड्यानें पुन्हां आणावें व त्याच्या फोडांतून दुसऱ्यांसाठीं लस काढूं द्यावी, ही गोष्ट आईबापांच्या जिवावर येई. त्यांत विटाळाची कल्पना होती, तशीच दुसऱ्याचा रोग आपल्या मुलास जडेल ही भीतिही होती. आणि ही दुसरी भीति निराधार नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वासरांपासून लस तयार होऊं लागली, तेव्हां ती दूर झाली. लोकांच्या प्रत्येक शंकेला अज्ञान म्हणून चालत नाहीं, हें यावरून दिसतें.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. १० जानेवारी १८९७ रोजीं डॉ. हाफकिन यांनीं मुंबईंतच आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षीं १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करतांना सावित्रीबाई फुले निवर्तल्या. आमचें जेऊर करमाळें तालुक्यांत, पुणें-सोलापूर लोहमार्गावर आहे. ज्या गाडीनें माणसें व धान्य जाई, तिच्यानेंच सांथही जाई. प्लेगाच्या दिवसांत गांवेंच्या गांवें ओस पडत आणि लोक रानांत झोपड्या बांधून राहत.

माझ्या आजीच्या तोंडावर देवीचे वण होते. तिचीं दोन भावंडें एकाच पंधरवड्यांत गेलीं होतीं. देवी टोचणारा गांवांत आला म्हणजे कित्येक बाया मुलांना घेऊन ज्वारीच्या शेतांत लपत. आजी मात्र आपलीं मुलें घेऊन चावडीवर सर्वांच्या आधीं जाई. कोणी कारण विचारलें तर ती वाद घालीत नसे. त्या दोन भावंडांचीं नांवें तेवढीं सांगे.

भारतांतील देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मध्यें आसामांत आढळला, व १९८० सालीं हा रोग जगांतूनच गेल्याचें जाहीर झालें. पोलिओचा येथील शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ चा. माझ्या दंडावर देवीचा वण आहे. माझ्या मुलांच्या दंडावर तो नाहीं, कारण त्याची गरजच उरली नाहीं.

परंतु या यशांतच एक धोका आहे. टोचल्यानंतर मुलाला आलेला ताप आई रात्रभर जागून पाहते. टळलेला घटसर्प किंवा गोवर तिला कधींच दिसत नाहीं. दिसणाऱ्याचें भय वाटावें हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून तरुण आईबापांनीं आपली शंका डॉक्टरांना निःसंकोच विचारावी, आणि घरांतील वृद्धांना एक प्रश्न अवश्य करावा : तुम्ही किती भावंडें होतां, व त्यांतलीं किती मोठीं झालीं? त्या उत्तरांत लशीचा सारा इतिहास आहे.