मुक्या गाडीचा कंठ

मराठीत नाट्यसंगीताचा इतिहास लिहिला गेला, तबकड्यांचाही थोडाफार लिहिला गेला, आकाशवाणीविषयीच्या आठवणी तर विपुल आहेत. मोटारीत बसून माणसांनी काय ऐकले, आणि ते ऐकता यावे म्हणून कोणी कोणती खटपट केली, याकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. आमचेही गेले नसते. पण आम्ही दोघा सहकाऱ्यांनी मिळून 1986 ची एक पद्मिनी विकत घेतली, तिच्यात नवे स्पीकर बसवायला नवीन जालन्यातल्या एका मिस्त्रींकडे नेली, आणि त्यांच्या दुकानात घालवलेल्या चार रविवारांनी आम्हांला हा विषय दिला.

मोटारीतला रेडिओ ही कल्पना अमेरिकेतली. गॅल्विन बंधूंनी 1930 साली मोटारीसाठी जो रेडिओ बाजारात आणला त्याचेच नाव मोटोरोला; पुढे कंपनीनेही तेच धारण केले. त्या काळचे संच व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्हला उच्च दाबाची वीज लागे आणि गाडीतल्या बॅटरीचा दाब तर अगदी कमी. मधला पल्ला गाठण्यासाठी व्हायब्रेटर नावाचा सतत गुणगुणणारा भाग बसवावा लागे. ट्रान्झिस्टर आल्यावर ती गुणगुण थांबली आणि संचही आटोपशीर झाला.

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट तयार होऊ लागली. तीच 1973 मध्ये प्रेसिडेंट आणि 1974 मध्ये पद्मिनी झाली. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. मिळालेली गाडी गाते की नाही, हे विचारण्याची सोय नव्हती. रेडिओ हवा तर आपला आपण बसवावा. त्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे. ही परवानापद्धती 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. म्हणजे गाडीतले गाणे ही दीर्घकाळ सरकारदरबारी नोंदलेली चैन होती.

ही चैन मोडीत काढली ती कॅसेटने. फिलिप्सने 1963 साली आणलेली ही छोटी डबी आपल्याकडे खऱ्या अर्थाने पसरली ती 1980 च्या दशकात. पीटर मॅन्युएल यांनी 1993 च्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात दाखवून दिले आहे, की कॅसेटमुळे ध्वनिमुद्रणाची मक्तेदारी फुटली आणि प्रादेशिक, जातीय, धार्मिक गाण्यांना स्वतःची बाजारपेठ मिळाली. मराठवाड्यात हे समजायला ग्रंथाची गरज नव्हती. काळीपिवळीत बसले की पुरे. दहा जणांच्या जागेत पंधरा जण कोंबलेल्या त्या जीपमध्ये प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते आणि भीमगीते एकाच प्रवासात ऐकू येत. कोणती कॅसेट लावायची हे चालक ठरवी, आणि त्या निवडीवरून त्याचा गाव, त्याची वस्ती, क्वचित त्याचा राजकीय कलही कळे. प्रवाशांपैकी कोणी ‘बंद करा’ म्हणे, कोणी ‘वाढवा’ म्हणे. हा वाद आमच्या मते फार मोलाचा होता. आज प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र गाणे आहे, आणि शेजाऱ्याला काय आवडते हे कळण्याचा तो एक मार्ग बंद झाला आहे. (कंठ फुटलेल्या गाड्यांनी पुढे मिरवणुकांत जो उच्छाद मांडला तो आम्ही विसरलेलो नाही, पण तो वेगळा विषय.)

आता मिस्त्रींच्या दुकानाकडे. आमच्या गाडीत डॅशबोर्डच्या पत्र्यामागे एकच जुना स्पीकर होता, कागदी पडदा कडेने फाटलेला. आम्हांला चार नवे हवे होते: दोन पुढच्या दारांत, दोन मागच्या काचेखालच्या फळीवर. याआधी दुसऱ्या एका दुकानात आमची फजिती झाली होती. तिथल्या कारागिराने प्रत्येक स्पीकरची एक वायर सरळ गाडीच्या पत्र्याला जोडली आणि नवा संच दहा मिनिटांत जळाला. आम्ही त्याला अडाणी ठरवून मोकळे झालो होतो. मिस्त्रींनी आमची चूक दुरुस्त केली. जुन्या संचांत स्पीकरचे एक टोक पत्र्यालाच जोडत असत. त्याचे ज्ञान खोटे नव्हते, कालबाह्य होते. नव्या संचात दोन्ही वायरी ‘जिवंत’ असतात, एकीत दाब चढतो तेव्हा दुसरीत उतरतो, म्हणून बारा व्होल्टमधून जास्त ताकद काढता येते. यातली एकही पत्र्याला टेकता कामा नये.

ही ताकद तरी किती? स्पीकर चार ओहमचा धरा आणि गाडी चालू असतानाचा दाब चौदा व्होल्टच्या आसपास. जुन्या पद्धतीने सहा वॅट हीच तात्त्विक मर्यादा. नव्या जोडणीने ती चौपट, म्हणजे चोवीसच्या घरात. खोक्यांवर मात्र शेकडो, कधी हजार वॅट ‘पीएमपीओ’ छापलेले असत. आम्ही साहित्याचे अध्यापक. अतिशयोक्ती अलंकार शिकवतो. त्याचे इतके निर्मळ उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

मिस्त्री दीड व्होल्टचा सेल वायरींना क्षणभर टेकवून पाहत. पडदा बाहेर आला की ते टोक धन. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो, आणि तबल्याचा डग्गा जणू खोलीतून उठून जातो. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, की कुठे लिहिलेले सापडले नव्हते.

खरा पेच दाराचा होता. पद्मिनीच्या दारात मोठ्या स्पीकरसाठी आतला पत्रा कापावा लागणार होता. आमच्यापैकी एकाचे मत, गाडी ही वापरायची वस्तू, कापा. दुसऱ्याचे, दुरुस्तीच्या नावाखाली आपण दस्तऐवजच फाडतो आहोत. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या. आमच्या जालन्यात तर भंगार वितळवून सळया करणारे कारखाने आहेत. जुना पत्रा कुठे जातो हे आम्हांला नव्याने सांगायला नको. वाद रंगला. मिस्त्री बराच वेळ ऐकत होते. मग कात्री खाली ठेवून म्हणाले, “सर, भोक पाडायला पाच मिनिटं लागतात. बुजवायला माणूस मिळत नाही. तुमचं ठरू द्या.”

दारे कापली नाहीत. मागच्या फळीवर प्लायवूडचा वेगळा तुकडा टाकून त्यात सहा बाय नऊचे दोन लंबगोल स्पीकर बसवले. तुकडा काढला की मूळ फळी जशीच्या तशी. आवाज मागून येतो, गायक पाठीशी बसल्यासारखा वाटतो, आणि दारे कापा म्हणणारे आमचे मित्र प्रत्येक प्रवासात त्याचा उल्लेख करतात. ते बरोबर आहेत.

मिस्त्रींचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. मुलगा दुकान चालवतो, पण मोबाइलच्या काचा बदलण्याचे. आम्ही एक वही घेतली आहे आणि दर रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसतो. पहिल्या पानावर सेल टेकवून धन टोक ओळखण्याची रीत लिहिली आहे, आकृतीसह. आकृती त्यांनीच काढली. आम्ही काढलेली त्यांना पसंत पडली नाही.