शेव्हरलच्या लंबकाची कुळकथा

दोऱ्याला बांधलेली कडी पाण्यावर वा धातूवर धरली असता ती आपोआप झोके घेऊ लागते, आणि त्या झोक्यांवरून खालच्या पदार्थाचे गुणधर्म ओळखता येतात, अशी समजूत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील काही विद्वानांतही रूढ होती. मिशेल शेव्हरल या तरुण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1812 च्या सुमारास तिची शहानिशा आरंभिली, तेव्हा लोखंडी कडी पाऱ्यावर खरोखरच डोलू लागली. इतकेच नव्हे, तर मध्ये काच सरकवताच तिचे झोके मंदावून थांबले आणि काच काढताच पूर्ववत् सुरू झाले. एवढ्या पुराव्यावर कोणीही पाऱ्याच्या गूढ शक्तीच्या बाजूने फैसला दिला असता. परंतु शेव्हरलने संशय घेतला तो स्वतःच्याच हातावर, आणि मला या कथेत सर्वांत थोर वाटते ती हीच गोष्ट. त्याने बाहूखाली लाकडी आधार ठेवला व तो खांद्याकडून बोटांकडे क्रमशः सरकवीत नेला, तसतसे झोके लहान होत गेले, आणि बोटेच आधारावर टेकली तेव्हा कडी निश्चल झाली. मग डोळे बांधून घेऊन त्याने प्रयोग केला. आता काच केव्हा घातली, केव्हा काढली हे त्याला ठाऊक नव्हते, आणि कडीवरही त्याचा काही परिणाम दिसेना. गतीची नुसती कल्पना मनात उभी राहताच इच्छेवाचून आणि नकळत स्नायू तिच्या हुकुमात वागू लागतात, हा निष्कर्ष त्याने 1833 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अँपियरला लिहिलेल्या पत्ररूप लेखात मांडला.

शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटरने 1852 साली लंडनमध्ये या व्यापाराला ‘आयडिओमोटर’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी, प्रेतात्म्यांच्या बैठकींत फिरणारी मेजे माणसांचेच हात अजाणता ढकलीत असतात, असे भौतिकशास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने प्रयोगाने दाखविले. आपल्याकडे पाणाड्याच्या हातातील बेचक्याची फांदी जमिनीकडे वळते तीही याच न्यायाने, आणि म्हणूनच त्याला लबाड ठरविणे मला अन्यायाचे वाटते. ती फांदी आपण वळविली नाही, असे तो म्हणतो ते मनापासून म्हणत असतो.

तथापि कडीचे झोके डोळ्यांना दिसतात. ज्याचा हात हललेलाच दिसत नाही, त्याचे काय? शिकागोच्या एडमंड जेकबसन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1930 च्या सुमारास माणसाला स्वस्थ निजवून, उजवा हात वाकवीत आहोत अशी केवळ कल्पना करावयास सांगितले, तेव्हा बाहेरून निश्चेष्ट भासणाऱ्या त्या हाताच्या स्नायूंत अत्यंत सूक्ष्म विद्युत्प्रवाहाची नोंद झाली, आणि कल्पना सोडून देताच ती नाहीशी झाली.