पथारी, पसारा आणि एन्ट्रॉपी

नंदुरबारला लाल मिरची वाळायला घालतात ती 'पथारी'वर. पलीकडच्या गुजरातीत पथारी म्हणजे अंथरूण, आणि मराठीतही थकलेला माणूस पथारी पसरतोच. मूळ संस्कृत 'प्रस्तर' असावे. त्याचा अर्थ आधी अंथरलेले गवत, मग सपाट शिळा, 'पत्थर' तिथलाच. धातू 'स्तृ', म्हणजे पसरणे. 'विस्तार' त्याचाच, आणि फारसीतला 'बिस्तर' इराणी शाखेतला चुलतभाऊ दिसतो. गंमत अशी, की 'पथारी पसरणे' यात 'स्तृ' आणि 'सृ' असे दोन वेगळे धातू शेजारी नांदतात.

हे आठवले बारावीच्या 'एन्ट्रॉपी'मुळे. क्लाउझियसने हा शब्द 1865 मध्ये घडवला, तोही 'एनर्जी'ला यमक जुळावे तसा, मुद्दाम. ग्रीक 'त्रोपे' म्हणजे वळण, पालट. संस्कृत 'त्रपा', लाज, याच घराण्यातली असावी; लाजणारा तोंड फिरवतो ना! आपण मात्र 'अव्यवस्था' असा अर्थ सांगून मोकळे होतो. मला तो खटकतो. मिरचीतले पाणी हवेत जाते तेव्हा कोणाची व्यवस्था बिघडते? रेणू आणि त्यांची ऊर्जा अधिक तऱ्हांनी वाटली जाते, इतकेच. त्यापेक्षा आपला 'पसारा' बरा. 'प्रसार'पासून आलेल्या या शब्दात आई ओरडते तो गोंधळही आहे आणि संसाराच्या पसाऱ्यातला निव्वळ फैलावही.

एन्ट्रॉपीच्या जोडीचा 'एन्थॅल्पी' हा शब्द कामर्लिंग ऑनेसच्या नावावर सांगतात. ग्रीक 'थाल्पोस' म्हणजे ऊब. आपली 'ऊब' ऊष्मा, प्राकृत उम्हा, अशा वाटेने आलेली दिसते. 25 अंशांना 18 ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 44 किलोज्यूल ऊब लागते. म्हणजे ऊब पाहिली तर मिरची वाळूच नये. पण कोरड्या हवेत पसाऱ्याला तापमानाने गुणले की ते 44 मागे पडतात, मुक्त ऊर्जा घटते आणि मिरची वाळते.

उरली ती 'मुक्त'. हेल्महोल्ट्झने 1882 मध्ये वापरलेल्या जर्मन विशेषणाचा अर्थ 'मोकळी', कामाला लावता येण्याजोगी. 'फ्री' ऐकून मुलांना आठवते 'मोफत', म्हणजे फारसी 'मुफ्त'. 'मोकळा' मात्र 'मुक्त'चाच, प्राकृत 'मुक्कल'मधून आलेला. इंग्रजी 'फ्री'चे गोत्र आणखी निराळे. ते संस्कृत 'प्रिय'शी जुळते: आपल्या माणसांतला, म्हणून गुलाम नसलेला, असा अर्थ सरकत गेला असावा.