थोड्या वेळाचा ताण आणि हार्मोन्स: उंदरांवरील प्रयोग काय सांगतात?

‘डॉक्टर, कॉर्टिसॉल जास्त आलंय, म्हणजे टेन्शनचा आजार झालाय का?’ रिपोर्ट हातात आल्यावर अनेकांना ही शंका येते. तिचे उत्तर समजून घ्यायला प्रयोगशाळेतील उंदरांचा उपयोग होतो.

ताण आल्यावर काय होते?

धोका जाणवताच काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन वाढते. छातीत धडधडते, घाम फुटतो. पाठोपाठ मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडांवरील अ‍ॅड्रिनल ग्रंथींना संदेश पाठवते. मग स्टेरॉइड हार्मोन स्रवते. माणसात ते मुख्यतः कॉर्टिसॉल असते, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन.

उंदरांमध्ये काय दिसते?

उंदराला हवा खेळती असलेल्या अरुंद नळीत साधारण अर्धा तास ठेवतात. इजा होत नाही, पण हलता येत नाही. काही मिनिटांतच कॉर्टिकोस्टेरॉन वाढू लागते. सुटका झाल्यावर बहुधा एक-दोन तासांत ते पुन्हा उतरते, कारण वाढलेले हार्मोनच मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप देते.

उंदराला नुसते हातात धरले तरी ताण येतो. म्हणून ताण नसतानाची पातळी मोजायची असेल, तर पिंजऱ्याला हात लावल्यापासून साधारण ३ मिनिटांच्या आत रक्त घेतात. दिवसाची वेळही महत्त्वाची असते. निशाचर उंदरात हे हार्मोन संध्याकाळी जास्त असते, तर माणसात सकाळी.

तुमच्यासाठी याचा अर्थ

थोड्या वेळाच्या ताणाने हार्मोन वाढणे आणि नंतर उतरणे हे निरोगी शरीराचे लक्षण आहे. उंदरावरून माणसाचे सगळेच ठरत नाही, पण ही साखळी दोघांत बरीच सारखी आहे.

• रक्त सांगितलेल्या वेळीच द्या. ताप, वेदना, अपुरी झोप किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्यास आधी सांगा.
• एकाच वाढलेल्या आकड्यावरून निदान होत नाही. गरज पडल्यास रात्रीची लाळ, २४ तासांची लघवी किंवा डेक्सामेथासोनची गोळी देऊन तपासणी करतात.
• ‘कॉर्टिसॉल कमी करणारी’ पावडर किंवा गोळ्या स्वतःहून घेऊ नका.
• बरेच आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर त्या अचानक बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत असल्याने ही साखळी मंदावलेली असते. अशा वेळी आजारपण आले तर रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो.

डॉक्टरांना कधी भेटावे?

चेहरा गोल होणे, पोटावर रुंद जांभळे पट्टे, किरकोळ धक्क्यानेही काळेनिळे डाग, बसल्या जागेवरून उठताना मांड्यांत ताकद नसणे, सोबत वाढलेली साखर किंवा रक्तदाब ही लक्षणे केवळ टेन्शनची समजून अंगावर काढू नका.