बरोबरीच्या चिन्हाचा घोळ

खेडचे राजगुरुनगर झाले, तेव्हा गावाला नाव दिले गेले. ‘या गावाचे नाव राजगुरुनगर आहे का?’ असे कोणी विचारले, तर तो प्रश्न झाला. नाव देणे निराळे, विचारणे निराळे, हे शेंबडे पोरही सांगेल. संगणकाच्या ‘सी’ भाषेत मात्र या दोहोंत एकाच चिन्हाचे अंतर आहे. बरोबरीचे चिन्ह एकदा लिहिले की किंमत दिली, लागोपाठ दोनदा लिहिले की विचारली. घाईत एक चिन्ह राहिले, तर भाषेच्या नियमाने ती चूक ठरत नाही. प्रश्नाचा मुकाट्याने हुकूम होतो.

हे चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने छापले. दोन समांतर रेषांइतके सारखे दुसरे काही नाही, असे त्याचे म्हणणे. पुढे १९६० च्या ‘अल्गॉल’ भाषेने किंमत देताना त्याआधी अपूर्णविराम जोडला, त्यामुळे गोंधळ नव्हता. ‘सी’ची आई म्हणावी अशा ‘बी’ भाषेत केन थॉम्पसनने तो काढला. देणे वारंवार लागते, तेव्हा त्याचे चिन्ह आखूड हवे, हा त्याचा हिशेब. एका टिंबासाठी रात्र जागवणाऱ्या कवीला ही काटकसर पटणे कठीण!

तिची किंमत नोव्हेंबर २००३ मध्ये दिसली. लिनक्सच्या गाभ्याच्या एका प्रतीत कुणीतरी दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता ‘हा वापरणारा सर्वाधिकारी आहे का?’ असा प्रश्न, पण चिन्ह एकच, म्हणजे त्याला सर्वाधिकारी करून टाकण्याचा हुकूम. ती प्रत मूळ साठ्याशी जुळेना, म्हणून डाव उघड झाला.

त्याआधीच, १९९८ साली, ब्रिटनच्या मोटार उद्योगाच्या ‘मिस्रा’ नियमांनी खऱ्या-खोट्याच्या तपासणीत किंमत देण्यास मनाई केली होती. चाकणच्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींतही आज छोटे संगणक असतात. जिथे ब्रेकचा प्रश्न आहे, तिथे ही मनाई मला रास्त वाटते.

सरसकट बंदी मात्र नको. उर्दूत नुक्ता वरून खाली घसरला की ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो, पण नुक्ता कुणी हद्दपार केला नाही. ‘पायथन’ भाषेचा जनक गिडो व्हॅन रॉसम याने आधी हे दारच बंद ठेवले होते. २०१८ साली त्याने अपूर्णविरामासह ते उघडायचे ठरवले. वाद इतका पेटला की त्याच जुलैत तो भाषेच्या प्रमुखपदावरून पायउतार झाला. ऑक्टोबर २०१९ च्या आवृत्तीत अल्गॉलचेच ते जोडचिन्ह आले. एकटे बरोबरीचे चिन्ह तिथे प्रश्नाच्या जागी आजही चालत नाही.