स्टेरॉईडची गोळी अचानक का बंद करायची नसते?

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं. तेव्हापासून जत, आटपाडी, तासगावपासून थेट सीमेपलीकडच्या कर्नाटकातली माणसंही उपचारांसाठी मिरज गाठत आली आहेत. सातारा जिल्ह्यातल्या अनेकांसाठी हेच काम कराडची रुग्णालयं करतात. सांधेवात, दमा, आतड्यांचा दाह, ल्युपस अशा वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजारांचे रुग्ण तिथून परत येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत बऱ्याचदा एक छोटी गोळी असते. तिचं नाव प्रेडनिसोलोन किंवा मिथिलप्रेडनिसोलोन. हे दोन्ही स्टेरॉईड आहेत.

घोटाळा इथेच सुरू होतो. 'स्टेरॉईड' हा शब्द कानावर पडताच कुणी घाबरून गोळी बंद करतं. कुणाला इतकं बरं वाटतं की जुनीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून महिनोन्‌महिने तीच गोळी आणली जाते, आणि एक दिवस कंटाळून सोडली जाते. दोन्ही वाटांवरचा धोका एकच आहे.

तालमीतलं स्टेरॉईड वेगळं

स्नायू फुगवण्यासाठी जिममध्ये किंवा तालमीत चोरून घेतलं जाणारं स्टेरॉईड पुरुषी संप्रेरकांच्या जातीचं असतं. सांधेवाताच्या गोळीचा त्याच्याशी संबंध नाही. ही गोळी म्हणजे कॉर्टिकोस्टेरॉईड, आपल्याच शरीरात तयार होणाऱ्या कॉर्टिसोलचं औषधी रूप. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज, विशेषतः सकाळच्या सुमारास, कॉर्टिसोल सोडतात. रक्तदाब, साखर आणि आजारपणाचा ताण पेलण्याची ताकद त्यावर अवलंबून असते.

दीर्घकालीन दाहाच्या आजारांत रोगप्रतिकारशक्ती शत्रू नसतानाही लढत राहते. सांधेवातात ती सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. पहाटे धार काढायला बसलेल्या बाईची बोटं मिटत नाहीत, तासभर आखडलेलीच राहतात, ते यामुळे. स्टेरॉईड पेशीत शिरून थेट केंद्रकापर्यंत पोहोचतं आणि दाह भडकवणाऱ्या जनुकांचं काम मंदावतं. वेदनाशामक गोळी या साखळीतली एखादीच कडी तोडते, स्टेरॉईड एकाच वेळी अनेक. म्हणून फरक इतक्या झटकन जाणवतो.

हा झटका जगाने पहिल्यांदा पाहिला सप्टेंबर १९४८ मध्ये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांच्या पथकाने सांधेवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली आणि काही दिवसांतच ती चालत बाहेर फिरून आली. हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेयुश राईकस्टाईन यांना १९५० मध्ये नोबेल मिळालं. आजार मात्र बरा झालेला नव्हता. औषध थांबलं की तो परतायचा आणि औषध चालू ठेवलं की चेहरा सुजायचा, इतर त्रास सुरू व्हायचे. पंच्याहत्तर वर्षांनंतरही गणित फारसं बदललेलं नाही.

अचानक थांबवलं तर काय होतं?

बाहेरून रोज स्टेरॉईड मिळू लागलं की मेंदूतली पियुषिका ग्रंथी समजते, शरीरात कॉर्टिसोल भरपूर आहे. ती अधिवृक्क ग्रंथींना आदेश देणं कमी करते. साधारण तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ गोळी चालली तर या ग्रंथी आळसावतात. पुन्हा पूर्ण कामाला लागायला त्यांना आठवडे, कधी अनेक महिने लागतात.

त्या अवस्थेत गोळी एकदम बंद झाली, तर शरीराकडे ना बाहेरचं स्टेरॉईड असतं ना स्वतःचं. प्रचंड थकवा, उलट्या, पोटदुखी, चक्कर, रक्तदाब कोसळणं, शुद्ध हरपणं असा प्रवास होऊ शकतो आणि वेळेत हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन मिळालं नाही तर जीवही जातो. सुरुवातीची लक्षणं 'पोट बिघडलंय' अशीच वाटतात. म्हणून रुग्ण स्टेरॉईड घेत होता हे समोरच्या डॉक्टरला कळणं महत्त्वाचं. दात काढायचा असो की शस्त्रक्रिया, हे आधी सांगावं. तीव्र ताप किंवा अपघातात डोस तात्पुरता वाढवावा लागू शकतो. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर दवाखाना गाठावा.

शरीर रोज जेवढं कॉर्टिसोल बनवतं, ते साधारण ५ मिलीग्रॅम प्रेडनिसोलोनच्या जवळपास असतं. म्हणूनच डोस ४० वरून २० वर आणताना डॉक्टर तुलनेने वेगाने उतरतात आणि ५ च्या आसपास आल्यावर फार सावकाश.

मग देतात तरी कशाला?

कारण आग तातडीने विझवायची असते. सांधेवातात मेथोट्रेक्सेटसारख्या मुख्य औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. तोवर सांधे झिजू नयेत, माणूस उभा राहावा, यासाठी स्टेरॉईडचा पूल बांधला जातो. (मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. ही चूकही जीवघेणी ठरते.) युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीही हेच सांगतात: शक्य तितक्या लवकर कमी करा आणि थांबवा.

पुलावरच मुक्काम ठोकला तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, दबून बसलेला क्षयरोग डोकं वर काढू शकतो.

साताऱ्या-सांगलीला याची एक बाजू २०२१ मध्ये जवळून दिसली. कोरोनाची दुसरी लाट राज्यात ओसरत असताना या दोन जिल्ह्यांत ती रेंगाळली. ऑगस्टच्या सुरुवातीला राज्याने निर्बंध शिथिल केले, तेव्हा वगळलेल्या ११ जिल्ह्यांत सातारा आणि सांगली होते. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं होतं की दिवसाला ६ मिलीग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करतं. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र काही फायदा नव्हता. हे दुसरं वाक्य अनेक ठिकाणी विसरलं गेलं. गरज नसताना, जास्त डोसमध्ये, साखर न तपासता दिलेल्या स्टेरॉईडमुळे म्युकरमायकोसिसला वाट मिळाली आणि त्याचा सर्वाधिक फटका बसलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता.

पंप आणि पुडी

दम्याच्या पंपाची 'सवय लागते' म्हणून तो टाळून गोळ्या मागणारे रुग्ण उलटा सौदा करतात. पंपातलं स्टेरॉईड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते बहुतांशी फुप्फुसातच काम करतं. पंप ओढल्यावर चूळ भरली की तोंडात बुरशी होण्याची शक्यता कमी होते. अर्थात पंपही मनानेच बंद करायचा नाही.

खरी भीती बाळगावी ती नाव नसलेल्या पुडीची. सांधेदुखीवर 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत आणि गोळ्यांत स्टेरॉईड मिसळलेलं देशात वारंवार आढळलं आहे. दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले, चेहरा गोल झाला, भूक वाढली, तर संशय घ्यावा. पण अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर घाबरून एका दिवसात सोडू नये. पुडी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. ती किती दिवस आणि दिवसातून किती वेळा घेतली, हे सांगितल्यावर रक्तातलं कॉर्टिसोल सकाळी तपासता येतं आणि पुढचा डोस ठरवता येतो.